खंडेनवमीची जिलेबी

माझ्या नवऱ्यानं मला खाणीवर, चारचौघांत, तोंडावर मारलं तो दिवस खंडेनवमीचा होता. ओठ फुटला, पुढचा दात हलला आणि मी मातीत बसले. मग उठले आणि मीही त्याला झाऱ्यानं हाणला. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या उचगावात ही गोष्ट प्रत्येक गल्लीत वेगळी सांगतात. कुणी म्हणतं मी त्याचं डोकं फोडलं, कुणी म्हणतं तो पिऊन आला होता. दोन्ही खोटं आहे. झारा त्याच्या खांद्यावर बसला, आणि दारूचा एक थेंब त्याच्या पोटात नव्हता.

त्याचं नाव कृष्णात. तोंडावर मी त्याला 'अवो' आणि 'तुमी' करते, आमच्यात तशी रीत आहे. पण लिहिताना मी 'तो' म्हणणार. ज्यानं तोंडावर हाणलं त्याला अहोजाहो करायला माझं पेन उठत नाही.

कृष्णात दगडाच्या खाणीत पोकलेन चालवायचा. सुरुंग उडाला की जो दगड खाली येतो तो त्या मशीनच्या बकेटनं उचलायचा आणि डंपरमध्ये भरायचा. खाणीचे मालक बापूसो, जैन समाजातले, जुने शेतकरी. डोंगराचा हा तुकडा त्यांच्या वाट्याला आला तेव्हा गवतही उगवत नव्हतं म्हणतात. आता तिथं क्रशर आहे, दोन पोकलेन आहेत आणि रोज दुपारी सुरुंगाच्या आवाजानं खालच्या वस्तीतली भांडी फळीवरून खाली येतात.

खाण म्हटलं की लोकांना धूळ दिसते. धूळ आहेच, छातीत जाते, खोकला येतो. पण आमच्या खाणीला आतून पोखरलं ते दुसऱ्याच रोगांनी. सूर्य उगवायच्या आत माणूस मशीनवर चढतो आणि अंधार पडल्यावर उतरतो. दिवसभर एका सीटवर ढुंगण घासत बसायचं, आणि खालून ते लोखंड हादरे देत असतं. जागं राहायला चहा, तोही चमचा उभा राहील इतका गोड. चहावर भजी, भज्यावर तंबाखूचा मावा, माव्यावर परत चहा. संध्याकाळी अंग ठणकतं म्हणून दारू, दारूवर मटणाचा रस्सा आणि ढीगभर भात, आणि त्यावर घोरत पडणं. चाळिशी आली की कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुणाला दोन्ही. डॉक्टरांचं शिबिर झालं तेव्हा निम्मी खाण शुगरची निघाली. त्यावर ही माणसं हसली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या आणि शिबिर संपल्यावर चहा प्यायला गेली.

कृष्णातचं पिणं वेगळं होतं. तो पिऊन घोरायचा नाही, पिऊन मारायचा. चपला, पट्टा, एकदा स्टीलचा डबा. एकदा माझं मनगट पिरगाळलं ते हाड मोडेपर्यंत. दोन वर्षांपूर्वी मी ते मनगट प्लास्टरमध्ये घेऊन माहेरी हुपरीला गेले. आमच्या घरी चांदीचं काम. लहानपणापासून मी पैंजणांना डाग द्यायला, म्हणजे सांधे जोडायला, शिकले आहे, त्यामुळे उपाशी मरायची भीती मला कधी नव्हती. तो आला. गल्लीत, सगळ्यांच्या भट्ट्या चालू असताना, माझ्या बापापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "आजपास्नं थेंब शिवणार न्हाय."

मी आतून बाहेर आले. म्हटलं, "दारूचं तुमचं तुमी बगा. माजं हाताचं बोलणं हाय. कारन कंचंबी असू दे, परत हात उटला तर मी हितं यीन ती परत न्यायला यायचं न्हाय."

त्यानं मान हलवली. आणि खरं सांगायचं तर त्यानं शब्द पाळला. दोन वर्षं. आवाज चढवायचा, भांडं आपटायचा, पण हात खिशात घालून बाहेर निघून जायचा. मी त्या दोन वर्षांत पहिल्यांदा पाठ भिंतीला न टेकवता झोपले.

दारू सुटली आणि माणूस गोडाच्या मागं लागला. पेढे, बासुंदी, खिशात गूळ. मग पायाच्या बोटाला दगडाची कपची लागली आणि जखम भरेना. बोट काळं पडायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी शुगर तपासली आणि आकडा बघून मला बाहेर बोलावलं. म्हणाले, साखर म्हणजे याला विष आहे, बाई. गोळ्यांनी भागणार नाही, इन्शुलिन लावावं लागेल. मी ते एक वाक्य पदराला बांधलं, साखर म्हणजे विष. घरातला साखरेचा डबा मी गटारात ओतला. खाणीवरच्या चहावाल्याकडं जाऊन त्याची किटली लाथेनं उडवली आणि सांगितलं, कृष्णातला गोड चहा दिलास तर पुढच्या वेळी तुझ्या अंगावर ओतीन. तेव्हापासून खाणीवरची माणसं मला शुगर इन्स्पेक्टर म्हणतात. म्हणू देत.

साखर फार खाली उतरली तरी माणूस जातो, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी कृष्णातला सांगितलं होतं म्हणे, खिशात साखर ठेवत जा. हा घरी येऊन बायकोला कशाला सांगेल? बायको साखरेवर लाथा मारत सुटलेली.

आणि इन्शुलिन चोरून चालायचं. आधी एका ऑपरेटरला इन्शुलिन लागतं हे कळल्यावर बापूसोंनी त्याला मशीनवरून उतरवून गेटवर बसवला होता. वर कडा, खाली माणसं, मध्ये तीस टनाचं लोखंड, मालकाची भीती काही खोटी नव्हती. पण गेटवर बसणं म्हणजे ऑपरेटरला मेल्यासारखं. म्हणून कृष्णातची सुई खाणीवर फक्त एका माणसाला माहीत होती. गौस. सुरुंगाची भोकं पाडणारा ड्रिलवाला, कृष्णातच्या लग्नात वरातीपुढं नाचलेला.

खंडेनवमीला खाणीत सुरुंग उडत नाही. मशीनं धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात, चाकांखाली लिंबं ठेवतात. दुसऱ्या खाणींत बोकड पडतो. बापूसोंच्या खाणीत रक्त सांडायचं नाही, म्हणून कोहळा फोडतात आणि गोडाचं जेवण असतं. जिलेबी, मठ्ठा, मसालेभात. बायकापोरांनाही बोलावणं असतं.

त्या सकाळी मी वेणी घालत होते. कृष्णात फ्रीजमधून इन्शुलिनचं पेन काढून पलंगावर बसला आणि त्याच्या मागची चकती फिरवायला लागला. तिची टकटक रोज जिथं थांबते तिथं आज थांबली नाही.

"अवो, किती फिरवताय?"

"आज जिलेबी हाय," तो म्हणाला. "डबल खाणार म्हंजे डबल घ्याय नको व्हय? आजच्या दीस तोंड उघडू नगंस."

आणि शर्ट वर करून पोटात टोचून मोकळा झाला. मला ते पटलंच. जास्त जेवण, जास्त औषध, त्यात चुकीचं काय? भट्टीवर चांदी जास्त घेतली तर डागही जास्त लागतो. मी फक्त म्हटलं, "चार न्हायतर पाच जिलेब्या. साव्वी घेतली तर ताट उचलीन." तो हसला. भूक राखायची म्हणून भाकरीला हातही लावला नाही. नुसता बिनसाखरेचा चहा घेतला आणि आम्ही खाणीच्या टेम्पोत चढलो.

खाणीवर सगळं तयार होतं. मशीनं चकाचक, मांडव घातलेला, मांडवामागं आचाऱ्याची कढई. जिलेबी तळून पाकातून काढून परातीत रचत होते. फक्त मालक नव्हते. बापूसोंनी नवीन पोकलेन घेतलं होतं आणि ते ट्रेलरवरून कागलच्या बाजूनं येत होतं. पूजा त्याच मशीनची आधी करायची, मगच नैवेद्य, मगच पंगत. ट्रेलर हायवेला कुठंतरी अडकला होता. गौस मोटारसायकलवरून त्याला वाट दाखवायला गेला होता.

आम्ही वाट बघत बसलो. ऊन चढलं. पोरं रडायला लागली, त्यांना बिस्किटं दिली. माणसं मावा चोळत बसली. पूजेआधी खायचं नाही म्हणजे नाही, खाणीचा देव कोपतो. दर वर्षी कुणाचा तरी पाय, कुणाचा तरी डोळा तो घेतोच, त्यामुळे कुणी चेष्टेवारी नेत नाही.

कृष्णात उठबस करायला लागला. त्याच्या कपाळावर घाम बघून मी म्हटलं, सावलीत बसा. त्यानं माझ्याकडं बघितलं, पण बघितलं म्हणजे नजर माझ्यावरून घसरून मागच्या डोंगरावर गेली. "माजं मशीन वर ऱ्हायलंय," तो म्हणाला. खरं तर त्याचं मशीन मांडवाशेजारीच उभं होतं, हार घालून. तो चढला आणि त्यानं चालू केलं.

आधी सगळे हसले. यशराज, दुसरा पोकलेन ऑपरेटर, अंगानं दांडगा आणि फाटक्या तोंडाचा, ओरडला, "किश्न्या, हार जाळतोस काय रं?" कृष्णातनं बकेट उचलली आणि मशीनचा वरचा भाग गर्रकन फिरवला. ती बकेट मांडवाच्या बाजूनं गेली आणि हजेरीच्या पत्र्याच्या खोलीवर आदळली. पत्रा कागदासारखा फाटला. बायका पोरांना ओढत पळाल्या. बकेट परत फिरली, आता मांडवाच्या खांबावर. खांब मोडला, कापड आमच्या डोक्यावर आलं, आत कुणीतरी किंचाळत होतं. मी कापडाखालून बाहेर आले तेव्हा यशराज मशीनवर चढून किल्ली काढत होता आणि कृष्णात त्याच्या तोंडावर बुक्क्या मारत होता. मशीन बंद पडलं. दोघं वरूनच खाली कोसळले.

कृष्णात उठला. शर्ट घामानं चिकटलेला, पाय फाकलेले, जीभ जड. बापूसोंच्या आईबहिणीवरून अशा शिव्या देत होता की पोरांचे कान झाकावे लागले.

"पिऊन आलाय," यशराज नाकातलं रक्त पुसत म्हणाला. "दोन वर्सं नाटक केलं गड्यानं. आज बगा."

ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं तेच होतं. ते पाय फाकणं, ती जड जीभ, ती घसरणारी नजर. मी हे दहा वर्षं बघितलं होतं आणि दोन वर्षं विसरायचा प्रयत्न केला होता. मला वास घ्यायचं सुचलंही नाही. ज्या बाईचं मनगट मोडलंय ती वास घ्यायला जवळ जात नाही.

तो कढईच्या दिशेनं निघाला. माणसं बाजूला झाली. तो परातीपाशी गेला आणि दोन्ही हात जिलेबीत घातले.

आता एका क्षणात दोन पापं झाली. नैवेद्याआधी परात उष्टी होत होती, आणि माझा शुगरचा पेशंट मूठभर विष तोंडात घालत होता. लोक पहिल्यासाठी ओरडले. मी दुसऱ्यासाठी धावले. त्याचा हात तोंडाशी पोचायच्या आत मी मनगट धरलं आणि जिलेबी मातीत पाडली. त्यानं परत हात घातला. मी परत पाडली आणि परात पायानं ढकलली.

मग त्यानं मला मारलं. उघड्या पंजानं नाही, मुठीनं. तोंडात रक्ताची चव आली आणि मी मातीत बसले. तो माझ्यावर वाकला, परत एकदा मारलं, ते कानाखाली लागलं. मी वर बघितलं तर तो रडत होता, लाळ गळत होती, आणि हात तिसऱ्यांदा वर गेला होता.

आचाऱ्याचा झारा कढईला टेकवलेला होता. लांब दांड्याचा, लोखंडी. मी तो उचलला आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून हाणला. डोक्यावरच नेम होता, तो हलला म्हणून खांद्यावर बसला. मला त्याचं काही वाटत नाही. आज तसंच झालं तर आजही हाणीन. तो गुडघ्यावर आला आणि मग बाकीचे त्याच्यावर पडले.

खाणीतली माणसं मारतात तेव्हा मोजून मारत नाहीत. दगड उचलणारे हात आहेत ते. यशराज छातीवर बसला. कुणी पोटात लाथा घातल्या, कुणी केस धरून डोकं जमिनीवर आपटलं. कुणीतरी म्हणालं, मठ्ठा पाजा, उतरंल. मग दोघांनी जबडा धरला आणि यशराजनं तांब्यातला मठ्ठा घशात ओतला. आंबट, खारट मठ्ठा. अर्धा नाकातून बाहेर आला. कृष्णात गुदमरला, अंग ताठ झालं, टाचा मातीत घासायला लागल्या, आणि मग त्यानं झटके द्यायचंही बंद केलं. डोळे अर्धे उघडे, पांढरे.

"गप झाला बगा," कुणीतरी म्हणालं.

मी झारा हातात धरून उभी होते. मनात एकच होतं, दुपारची हुपरीची एसटी मिळेल का.

तेवढ्यात हॉर्न वाजवत ट्रेलर आत आला. पुढं गौसची मोटारसायकल, मागं बापूसोंची गाडी. गौसनं लांबूनच माणसांचं कडं बघितलं आणि गाडी आडवी टाकून पळत आला. कडं फोडून आत घुसला, कृष्णातचं कपाळ चाचपलं, तोंडाशी नाक नेलं.

"दारू न्हाय ही," तो म्हणाला. मग जोरात म्हणाला, "साखर आणा. साखर उतरलीय ह्याची. आमच्या अम्मीचं असंच हुतंय. साखर द्या कुनीतरी, मरंल ह्यो."

कुणी हललं नाही. यशराज म्हणाला, "ए गौस, शानपना करू नगंस. पिऊन आमच्या बायकापोरास्नी मारत हुता ह्यो."

गौस परातीकडं वळला. मी आडवी आले. झारा माझ्या हातात होताच.

"गौसभाऊ, हात लावू नगासा," मी म्हटलं. "साकर म्हंजे इख हाय त्यास्नी. डाक्टरनी सांगितलंय. मारताय काय तुमी त्यास्नी?"

"वैनी, बाजूला व्हा."

"न्हाय व्हनार."

"सकाळी सुई किती घेतली त्यानं?"

"डबल," मी म्हटलं. "जिलेबी खायाची म्हनून."

गौसचा चेहरा बदलला. माझ्याशी पुढं बोलत बसला नाही. मी झारा उगारला, त्यानं दांडा धरून हिसकावला आणि मला खांद्यानं धक्का दिला. मी दुसऱ्यांदा त्याच मातीत पडले. त्यानं पाकाच्या पातेल्यात मनगटापर्यंत हात बुडवला. आचारी ओरडला, नैवेद्याचा पाक आहे. दोघंजण गौसच्या अंगावर धावले. त्यानं एकाला कोपरानं नाकावर मारलं, झाऱ्यानं दुसऱ्याच्या नडगीवर हाणलं आणि पातेलं ओढून घेत कृष्णातच्या डोक्याशी गुडघे टेकले. त्याला कुशीवर वळवलं, गालाच्या आत बोट घातलं आणि हिरड्यांना तो पाक चोळायला लागला.

कृष्णातचे दात मिटले. गौसच्या बोटावर.

मी ते अगदी जवळून बघितलं. जबड्याचा स्नायू दगडासारखा वर आला आणि दातांमधून रक्त आलं. गौसनं तोंड वासलं पण आवाज काढला नाही. बोटही काढलं नाही. दुसऱ्या हातानं पातेल्यातला पाक घेऊन गालाच्या फटीतून आत सोडत राहिला. मागून यशराजनं त्याच्या पाठीत लाथ घातली. गौस पुढं कोलमडला, परत सरळ झाला, बोट तिथंच. दुसरी लाथ बरगडीत बसली.

"मार," गौस दात खाऊन म्हणाला. "पन मला उटवू नगंस."

तेव्हा मला कळलं. सगळं नाही, पण एवढं कळलं की कुणी माणूस असलं सोसत असेल तर तो खोटं बोलत नसतो. मी उठले आणि यशराजच्या पाठीवर झेप घेतली. त्याच्या कानाला चावले. मला दुसरं काही सापडलं नाही. तो ओरडला, मी सोडलं नाही. आम्ही दोघं आडवे झालो. तेवढ्यात बापूसो पोचले आणि त्यांच्या एका आवाजानं सगळे थांबले. म्हातारा माणूस, पांढरी टोपी, हातात नव्या मशीनसाठी आणलेला नारळ तसाच.

गौस पाक चोळत होता. रक्त आणि पाक मिळून कृष्णातच्या मानेवरून वाहत होतं, माश्या बसायला लागल्या होत्या.

मग जबडा सैल झाला. डोळे खाली आले. एकदा, दोनदा मिटले. कृष्णातनं जीभ ओठांवरून फिरवली आणि अगदी साध्या, रोजच्या आवाजात म्हणाला, "मालक आलं व्हय? पंगत बसली न्हाय अजून?"

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. हसू सगळ्या खाणीत पसरलं. ज्यांनी लाथा घातल्या होत्या तेच त्याला उचलून बसवायला लागले, पाठीवरची माती झटकायला लागले. आचाऱ्यानं स्वतःच्या हातानं त्याला जिलेबी भरवली. बायका माझ्याभोवती जमल्या. एकीनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई, दारू न्हवती."

बापूसोंना गौसनं सगळं सांगितलं, सुईचंही. ते माझ्यापाशी आले आणि डोक्यावर हात ठेवला. "पोरी, त्येच्या मनात काय न्हवतं. आजार हाय. त्येचा दोष न्हाय ह्यात."

"मग माजं तोंड फुटलं त्येचा दोष कुनाचा, मालक?" मी विचारलं.

त्यांनी हात काढून घेतला. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की त्या 'बरं झालं'मध्ये कुणी मला ओढू नये.

कृष्णात माझ्याकडं बघत होता. जिलेबी हातात तशीच. माझा ओठ, माझा कान, माझ्या चोळीवरचं रक्त. त्याला काहीच आठवत नव्हतं, पण असलं बघायची त्याला सवय होती.

"मी मारलं?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. तो जिलेबी परातीत ठेवायला गेला, गौस म्हणाला, "खा आदी. खाऊन रड." आणि त्यानं रडत रडत ती खाल्ली.

गौसच्या बोटाचं पहिलं पेर गेलं. शहरातल्या दवाखान्यात कापावं लागलं. कृष्णातला एक रात्र ठेवून घेतलं, डोक्याला आणि बरगड्यांना पट्ट्या. मोकळा झाल्यावर बापूसोंनी मशीनची किल्ली मागून घेतली आणि त्याला वजनकाट्यावर बसवला.

तो दवाखान्यात असतानाच माझा भाऊ हुपरीहून गाडी घेऊन आला होता. दवाखान्याच्या बाहेर उभा राहून म्हणाला, "ताई, तू म्हनली हुतीस. कारन कंचंबी असू दे. चल." मी म्हटलं होतं, खरंच. आणि मी गाडीत बसलेही. दार लावलं. मग नर्स धावत आली आणि म्हणाली, ते सुई घेत नाहीयेत. पेन दूर ढकलतात. तुम्ही टोचलं तरच घेईन म्हणतात.

मी उतरले. का उतरले ते मला नीट सांगता येत नाही. माया म्हणा, सवय म्हणा. त्याला शिव्या देत उतरले एवढं आठवतं. भाऊ रागानं एकटाच निघून गेला, तो अजून बोलत नाही.

आता सुई मीच देते. डोस मी बघते, आधी ताट पुढं ठेवते, मगच चकती फिरवते. घरात साखरेचा डबा परत आला आहे, एक पुडी त्याच्या खिशात, एक माझ्याकडं. कशानं काय होतं ते मला आता सगळं समजतं. साखर खाली गेली की तो माणूस तो नसतो, हे मी दहा जणांना समजावून सांगू शकते. खाणीवरच्या बायकांना सांगतेही.

पण माझ्या अंगाला ते कळत नाही. तो भाकरीसाठी हात पुढं करतो आणि मी मागं सरते. दिव्याचं बटण दाबायला हात वर नेतो आणि माझी मान खांद्यात जाते. मी मुद्दाम करत नाही. आधी दारू होती, आता साखर आहे, पण माझ्या अंगानं दोन्ही वेळा हातच बघितला. पहिल्या दिवशी सुई द्यायला मी त्याच्यापुढं बसले, तेव्हा शर्ट वर करायला त्यानं हात उचलला आणि माझ्या हातून पेन खाली पडलं. त्यानं ते बघितलं.

तेव्हापासून शर्ट मीच वर करते. तो पलंगावर बसतो, दोन्ही हात मांड्यांखाली घालतो आणि त्यावर बसून राहतो, सुई काढून मी उठून जाईपर्यंत. असं कर म्हणून मी त्याला कधी सांगितलं नाही.